मुरुडहून मुरुडला

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो दुष्काळाच्या कृपेनं. ऐकणाऱ्याला ही गंमत वाटते, पण घडलं ते असंच. आमच्या मुरुडात त्या उन्हाळ्यात आडाच्या तळाला ओलसुद्धा उरली नव्हती. तेव्हा जिल्ह्यातल्या मोठ्या माणसांनी एका बैठकीत ठरवलं, की पाण्याचा अभ्यास केला पाहिजे, आणि अभ्यास करायचा तर जिथं पाणी आहे तिथं जाऊन केला पाहिजे. सगळ्यात जास्त पाणी कुठं, तर समुद्रात. इतक्या सरळ बुद्धीनं त्यांनी कोकणाचा दौरा काढला. त्या दौऱ्यात माझे मोठे अप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, समितीचे सदस्य म्हणून होते. इतर सदस्य बायकामुलांना घेऊन निघाले म्हणून अप्पांनी आपल्या बायकोला, आमच्या मोठ्या मायला, सोबत घेतलं आणि तिच्या सोबतीला म्हणून मला.

जिल्हा तेव्हा नवा होता. उस्मानाबादमधून लातूर वेगळं झालं होतं आणि लोकांना वाटत होतं, आता काहीतरी होईल. झालं ते इतकंच, की गावोगावच्या पाट्यांवर चुन्याचा हात फिरला आणि त्यावर नव्या जिल्ह्याचं नाव आलं. आमच्या शाळेच्या पाटीवरचा चुना पातळ होता, त्यामुळं जुनं नाव खालून दिसत राहिलं आणि आमची शाळा पुढं बराच काळ दोन जिल्ह्यांत होती. पण मोठ्या अप्पांच्या अंगात जिल्हा संचारला. तोवर ते आमच्या भुसार दुकानात गादीवर बसून तुरीच्या दाण्याला दाताखाली फोडून भाव करणारे साधे व्यापारी होते. जिल्हा झाला आणि त्यांनी धोतर सोडून पांढरा सफारी शिवला. खिशाला दोन पेनं आली. घरात कुणी मोठ्यानं बोललं की ते म्हणायचे, "हळू बोला, मी जिल्ह्याचा इच्यार करायलोय." दुकान त्यांनी माझ्या वडिलांच्या अंगावर टाकलं आणि स्वतः लातूरच्या एसटीत बसून रोज जिल्हा घडवायला जाऊ लागले. संध्याकाळी परत आले की जिल्हा कुठवर आला ते ओसरीत बसून सांगायचे. माझे वडील मान हलवायचे. माझ्या वडिलांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला नाही म्हटलं, दलालाला नाही म्हटलं, पण थोरल्या भावाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांना दुकानात काहीतरी काम निघायचं.

त्या उन्हाळ्यात घरात सगळा आवाज पाण्याचा होता, म्हणजे पाणी नसण्याचा. पहाटे घागरी एकमेकींवर आपटायच्या, मग गल्लीतून चपलांचा आणि पैंजणांचा धावता आवाज जायचा, मग वेशीकडून टँकरचा हॉर्न यायचा आणि त्यापाठोपाठ शंभर बायकांचा एकच कलकलाट. अप्पांचा नियम होता, की आपलं घर सार्वजनिक माणसाचं आहे, तेव्हा आपण गुपचूप पाणी घ्यायचं नाही, सगळ्यांसारखं रांगेत उभं राहायचं. आपण म्हणजे मोठी माय. अप्पा स्वतः तेव्हा कपाळाला विभूती लावून पूजेला बसलेले असायचे, आणि पूजेला, आंघोळीला भरलेली बादली त्यांना लागायचीच. टँकर नेहमी निम्मा यायचा. ड्रायव्हर सांगायचा, रस्ता खराब हाय, हिंदकळून सांडतंय. निम्म्या टँकरवर सगळं गाव तुटून पडायचं. अशाच एका सकाळी रेटारेटीत मोठी माय टँकरच्या चाकाशी पडली आणि तिचा डावा हात कोपरात मोडला. मुरुडातल्याच एका हाडवैद्यानं तो बांधला आणि तो वाकडा बसला. त्यानंतर ती उजव्या हातानं भाकरी थापायची आणि डाव्या हातानं नुसती परात धरायची. भाकरी तीच, गोल आणि पातळ. ताकाला पाणी नाही म्हणून कढी बंद झाली होती, भांडी राखेनं पुसायची असल्यामुळं आमटीसुद्धा क्वचित. शेंगदाण्याची चटणी आणि कोरडी भाकरी, वर तेलाची धार. कुणी तक्रार केली की ती म्हणायची, "घशाखाली उतरायलीय न्हवं? मग झालं."

मी त्या वर्षी बारावीला बसले होते आणि निकालाची वाट बघत होते. मला लातूरच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं. घरात हे मी आईला सांगितलं, आईनं वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी अप्पांना सांगितलं. तिथून काही उत्तर आलं नाही. उत्तर आलं ते असं, की उमाला दौऱ्यावर न्यायचं आहे, तिला चार चांगली लुगडी द्या. मला आनंद झाला. अठरा वर्षांच्या पोरीला समुद्र बघायला मिळतोय म्हटल्यावर तिनं आणखी काय बघावं? लुगडी कशाला, हे मी विचारलं नाही.

लातुराहून एक लहान बस केली होती आणि तिच्या पुढं सभापतींची जीप. सभापती हे समितीचे मुख्य. नाव होतं त्यांना, पण त्यांची बायकोसुद्धा त्यांना सभापतीच म्हणायची, आणि तिला सगळे सभापतीणबाई म्हणायचे. त्यांचं गाव मुरुडच्या अलीकडं, टँकर जिथून भरून यायचा त्याच रस्त्यावर होतं. जाडजूड, हसरा माणूस. बोलता बोलता दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि ठेवलेला हात विसरून जायचा. त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा राजशेखर होता. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि गळ्यात कॅमेरा. तो जीपमध्ये न बसता बसमध्ये आमच्या पुढच्या बाकावर येऊन बसला आणि बार्शी येईपर्यंत त्यानं मला चार वेळा विचारलं, की तुम्ही कधी फोटो काढलाय का. मी एकदा नाही म्हटलं, एकदा हो म्हटलं, मग खिडकीतून बाहेर बघत बसले. कॉलेजात तो तीन वर्षांचं शिक्षण पाचव्या वर्षी अजून घेत होता, हे मोठ्या मायला सभापतीणबाईंनीच कौतुकानं सांगितलं. "आमच्या राजूला घाई न्हाई," त्या म्हणाल्या.

पुण्याच्या पुढं घाट उतरताना बसमध्ये अर्धे सदस्य ओकले. ज्यांना जिल्हा सांभाळायचा होता त्यांना पोट सांभाळता येईना. मोठ्या मायनं आपल्या डब्यातली लिंबाची फोड प्रत्येकाला दिली आणि वर तोंड धुवायला आपलं पाणीही दिलं. ते पाणी तिनं मुरुडहून आणलेलं होतं, रांगेत उभं राहून.

समुद्राबद्दल मी काय सांगू? अलिबाग सोडल्यावर रस्ता वळत वळत जातो आणि माडांच्या मधून तो मध्येच दिसतो, मध्येच जातो. मला तो आधी आभाळच वाटला. मग त्या आभाळावर होडी दिसली. मोठी माय खिडकीशी बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, कुणी वडीलधारं समोर आल्यावर ओढतात तसा. बसमधल्या सदस्यांनी मात्र टाळ्या वाजवल्या. समुद्र त्यांनीच आणवला असावा असं वाटलं.

आमचा मुक्काम होता त्या गावाचं नावही मुरुड. जंजिऱ्याचं मुरुड. मोठ्या अप्पांना हा फार मोठा शुभशकुन वाटला होता. उतरल्या उतरल्या ते बाजारात गेले आणि एका किराणा दुकानदाराला म्हणाले, आम्ही पण मुरुडचेच. दुकानदारानं त्यांच्या सफारीकडं बघितलं आणि विचारलं, कुठलं मुरुड? अप्पा म्हणाले, "जिल्हा लातूर." दुकानदारानं जरा आठवून पाहिलं आणि विचारलं, लातूर कुठं आलं? मी शेजारी उभी होते. अप्पांचा चेहरा असा झाला, जणू जिल्हा त्यांच्या हातातून खाली पडला आणि फुटला. नंतर विश्रामगृहात त्यांनी सभापतींना सांगितलं, की इथले लोक फार मागास आहेत.

त्या गावात सगळीकडं सुकत घातलेल्या मासळीचा वास होता. आम्ही लिंगायत, कांद्यापलीकडं वासाची माहिती नसलेले. सदस्यांनी नाकाला रुमाल बांधले आणि ते तसेच गावभर हिंडले. दरोडेखोरांची टोळी आली असं वाटून पोरं दारातून बघत होती. खानावळीत सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. भाकरी मागितली तर पांढरी, मऊ, तांदळाची आली. एक सदस्य म्हणाले, ही भाकरी आजारी आहे. मोठ्या मायनं बांधून आणलेली धपाटी आणि चटणी पहिल्याच दिवशी या जिल्ह्याच्या आधारस्तंभांनी संपवली, आणि ती स्वतः नारळाचा तुकडा भाताबरोबर चघळत राहिली. मला मात्र तो भात आणि वरचं आंबट, गुलाबी सार आवडलं. मी दोनदा घेतलं, तर अप्पांनी डोळे वटारले. त्यात काय घातलेलं असतं कुणास ठाऊक, असं त्यांचं म्हणणं.

अभ्यासाचा पहिला दिवस जंगलात गेला. तिथं जवळच फणसाडचं रान आहे, पूर्वी नवाबाच्या शिकारीचं होतं आणि तेव्हा नुकतंच अभयारण्य झालं होतं. वनखात्याचा एक माणूस आम्हाला आत घेऊन गेला आणि म्हणाला, शांत चाला, काहीतरी दिसेल. इतक्या सदस्यांना शांत चाला म्हणणं म्हणजे आगगाडीला दबकत ये म्हणण्यासारखं. एकानं ट्रान्झिस्टर लावला होता. राजशेखर वाघ कुठं आहे म्हणून विचारत होता. सगळ्या रानानं आम्हाला पाठ दाखवली. एक शेकरू तेवढं उंच फांदीवर दिसलं, तांबडं, झुपकेदार शेपटीचं. ते वरून आमच्याकडं बघत होतं आणि त्याच्या नजरेत जे होतं तेच आज हे लिहिताना माझ्या मनात आहे. मग आम्ही एका पाणवठ्याशी आलो. तिकडं त्याला गाण म्हणतात. झाडांच्या दाट सावलीत, भर उन्हाळ्यात, काळंशार स्वच्छ पाणी. काठाच्या चिखलात जनावरांचे खूर उमटलेले. वनखात्याचा माणूस म्हणाला, इथं माणसांनी यायचं नाही, हे जनावरांसाठी राखलेलं आहे. सभापती म्हणाले, "बघा, जनावरांचा केवढा इंतजाम." सगळ्यांनी माना हलवल्या आणि एकानं वहीत लिहून घेतलं. मोठी माय त्या खुरांकडं बघत होती. तिथं एकही जनावर दुसऱ्याला ढकलून पुढं गेलेलं नाही असं ती मला हळूच म्हणाली. खुणा बघून तिला ते कसं कळलं मला माहीत नाही, पण पुढं तिनं जे केलं त्याची सुरुवात कदाचित तिथंच झाली असेल.

दुपारी काशीदच्या पांढऱ्या वाळूवर अभ्यास पुढं चालू राहिला. सदस्य अर्ध्या चड्डीवर समुद्रात शिरले, एकमेकांवर पाणी उडवू लागले आणि लाट आली की शिवाचं नाव घेऊन ओरडू लागले. समुद्राचं पाणी खारट आहे, हा निष्कर्ष प्रत्येकानं स्वतः चाखून काढला. आता माझे भाचे-पुतणे मोठ्या गाड्या घेऊन त्याच वाळूवर जातात आणि मला फोनवर फोटो पाठवतात. तेही तसेच उड्या मारताना दिसतात, पण ते निदान स्वतःच्या पैशानं जातात आणि त्याला अभ्यास म्हणत नाहीत. त्या दौऱ्यानंतर कित्येक वर्षांनी लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं. तेव्हा मी नांदेडला टीव्हीसमोर बसून ती गाडी बघत होते, आणि मला ते अर्ध्या चड्डीतले विद्वान आठवत होते.

दुसऱ्या दिवशी किल्ला होता. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचं. मोठी माय होडीत पाय ठेवताना माझा दंड धरून होती. तिच्या खांद्याला अप्पांनी दिलेली एक कापडी पिशवी होती. समुद्राची ओटी भरायची आहे, त्याचं सामान आहे, असं अप्पांनी तिला सांगितलं होतं, आणि ती ती पिशवी सकाळपासून देवाच्या वस्तूसारखी जपत होती. होडीवाला जंजिऱ्याच्या गोष्टी सांगत होता. एका गोष्टीत तोफेचा गोळा पलीकडच्या काठावर जायचा, होडी मध्यावर आल्यावर तो पुढच्या गावात जायला लागला, आणि किल्ल्याजवळ पोचेपर्यंत तो कुठल्या कुठं गेला. किल्ल्याचा दरवाजा मात्र खरंच जवळ जाईपर्यंत दिसत नाही. नुसता काळा तट पाण्यातून वर आलेला. आणि मग तटाच्या दोन बुरुजांमध्ये अचानक वाट. दारावर एक वाघासारखं जनावर कोरलेलं आहे, त्यानं पंजात हत्ती धरलेत. सभापती त्याच्याकडं बघून म्हणाले, असा बंदोबस्त पाहिजे. आत तटावर तोफा पडलेल्या होत्या, गंजलेल्या, समुद्राकडं तोंड करून. राजशेखर सगळ्यात मोठ्या तोफेवर चढला, पाय दोन्ही बाजूंना सोडून बसला आणि मला म्हणाला, तुम्हीही या, फोटो काढू. मी म्हटलं, मला खालून बरं दिसतंय. त्यानं होडीवाल्याला विचारलं, ही तोफ विकत मिळेल का, बंगल्यासमोर चांगली दिसेल. इतकी माणसं त्या तोफांपायी मेली असतील, आणि शेवटी तिच्यावर बसायला हा आला.

किल्ल्याच्या मधोमध गोड्या पाण्याचं तळं आहे. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत दगडी पायऱ्यांचं, गोल, हिरवट पाण्याचं तळं. आजूबाजूला पडकी घरं. तिथं राहणारी माणसं किल्ला सोडून गेली होती. मोठी माय पायऱ्या उतरून खाली गेली, शेवाळ हातानं बाजूला केलं आणि ओंजळभर पाणी तोंडाला लावलं. "गोड हाय," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी तिच्याकडं बघितलं. ती तिथंच पायरीवर बसली, पाय पाण्याच्या कडेला ठेवून. मला वाटतं, त्या सगळ्या दौऱ्यात पाण्याचा अभ्यास एवढाच झाला.

तेवढ्यात वरून सभापती, सभापतीणबाई, अप्पा आणि राजशेखर खाली उतरले आणि आमच्या शेजारी पायरीवर सावली बघून बसले. अप्पांनी मोठ्या मायकडून पिशवी मागून घेतली. त्यातून नारळ काढला, हिरवी साडी काढली आणि साखरेचा पुडा काढला. तेव्हा मला कळलं आणि मोठ्या मायलाही कळलं. समुद्राची ओटी नव्हती; माझा साखरपुडा होता. अप्पा म्हणाले, मुहूर्त चांगला आहे, जागा ऐतिहासिक आहे, आणि सभापतींनी पोरगी पसंत केली आहे. माझ्या वडिलांना त्यांनी विचारलं होतं म्हणे. टँकरचं कंत्राट पुढच्या महिन्यापासून अप्पांना मिळणार होतं हे त्यांनी तिथं सांगितलं नाही, ते नंतर कळलं. माझ्या तोंडाला कोरड पडली. एवढ्या पाण्याशेजारी बसून मला घोटभर पाणी मागता येईना.

सगळं तिथंच झालं असतं. मी रडले असते, साखर तोंडात घातली असती आणि आज हे लिहायला मी नसते, सभापतींच्या घरची कुणीतरी असते. पण सभापतीणबाईंना आपलं घर वर्णन करायची हौस आली. मोठ्या मायच्या मांडीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पोरीची काळजी करू नगा. आमच्याकडं पाण्याची काई ददात न्हाई. टँकर आधी आमच्या दारात थांबतोय. हौद भरतोय, मोसंबीला पाइप सोडतोय, मग पुढं जातोय."

"पुढं कुटं?" मोठ्या मायनं विचारलं.

"मुरुडला की. तुमचाच हाय न्हवं त्यो."

सभापती हसले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बायकोनं घराची श्रीमंती सांगितली, एवढंच. मोठ्या मायनं मांडीवरचा तो हात उचलून बाजूला ठेवला. मग साडी उचलली, तिची घडी नीट केली, नारळ, साडी आणि साखर पिशवीत परत घातली आणि उभी राहिली. अप्पांना वाटलं ती ओटी भरायला उठली. ती म्हणाली, "ह्यो इषय इथंच मिटला. आमची पोरगी त्या घरात जाणार न्हाई."

सभापती म्हणाले, वैनींना ऊन लागलंय. अप्पा तिला दबक्या आवाजात म्हणाले, "तू गप बस."

"लई वर्सं गपच हाय," ती म्हणाली. "आता तुमी ऱ्हावा."

आणि माझा हात धरून ती पायऱ्या चढू लागली. मागं वळून बघायचं धाडस माझ्यात नव्हतं, पण राजशेखरचा आवाज ऐकू आला. तो बापाला विचारत होता, की आता इथं फोटो काढायचा की नाही.

आम्ही परतीच्या होडीत बसलो. होडीवाल्यानं एक गोष्ट सुरू केली आणि कुणी ऐकत नाही असं बघून मध्येच सोडून दिली. शिडात वारा भरला होता, होडी एका अंगाला कलली होती आणि सदस्य काठाला घट्ट धरून बसले होते. मोठी माय अप्पांच्या समोर बसली होती. अर्ध्या वाटेवर ती त्यांना म्हणाली, "तुमाला म्हाईत व्हतं?"

अप्पांनी शिडाकडं बघितलं. मग किल्ल्याकडं बघितलं. ते तिच्याकडं सोडून सगळीकडं बघत राहिले, आणि तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर तिला मिळालं. तिनं पदर तोंडावर ओढला. ती रडत होती. हात मोडला तेव्हाही मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

आमच्या मुरुडला पोचलो त्याच दिवशी तिनं गल्लीतल्या बायकांना सगळं सांगितलं. मीठमसाला न लावता, चुलीपुढं बसून सांगावं तसं. अप्पांनी दाराला आतून कडी लावली आणि लातूरला जायचं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी वेशीत उभं राहून टँकरची वाट बघितली नाही. त्या रस्त्यानं चालत सभापतींच्या गावाच्या फाट्यावर गेल्या आणि सडकेवर बसल्या. टँकर आला, थांबला. ड्रायव्हर खाली उतरून रस्ता खराब असल्याचं सांगू लागला. मोठी माय उठली, दुसऱ्या बाजूनं टँकरवर चढली आणि ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसली. चल, म्हणाली. त्या दिवशी मुरुडात टँकर काठोकाठ भरलेला आला. आणि पुढं पाऊस पडेपर्यंत ती रोज पहाटे टँकर भरायच्या जागी जायची आणि त्यातूनच परत यायची. कपाळाला विभूती, डोक्यावर पदर, वाकडा हात खिडकीवर. भुसार व्यापाऱ्याची बायको टँकरमध्ये बसते म्हणून आमच्या जातीतल्या प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. त्यांच्या घरी मात्र तेच पाणी प्यायलं जात होतं. सभापतींनी फाट्यावर काही माणसं उभी केली एक-दोन दिवस. पण टँकरमागं चालत येणाऱ्या बायका बघून ती माणसं बिडी ओढत निघून जायची.

त्याच आठवड्यात माझा निकाल लागला. माझ्या वडिलांनी दुकान बंद केलं, दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळी, आणि मला एसटीत बसवून लातूरला कॉलेजचा फॉर्म भरायला नेलं. वाटेत मी विचारलं, अप्पांनी तुम्हाला विचारलं होतं का? ते म्हणाले, पाहून येतो एवढंच म्हणाले होते. मग जरा वेळानं म्हणाले, मी तरी कुठं जास्त विचारलं. या वाक्याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं आणि कधी नाही, दोन्ही झालं. दौऱ्याचा अहवाल पुढं छापून आला म्हणतात. त्यात शेवटी शिफारस होती, की असे आणखी दौरे व्हावेत.

कॉलेज झालं, नोकरी लागली, नांदेडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवू लागले. लग्नही मी बघून, बोलून, स्वतः हो म्हणून केलं. मुदखेडला रेल्वेत काम करणाऱ्या एका शांत माणसाशी. लग्न मुरुडातच झालं. अप्पा तोवर म्हातारे झाले होते, सफारी ढगळ झाला होता, सभापतीही पदावरून गेले होते. जेवणाच्या पंगतीत अप्पा वराकडच्या पाहुण्यांमध्ये बसले होते आणि मी वाढणाऱ्यांच्या मागून जाताना त्यांचा आवाज ऐकला. भर समुद्रात, चारी बाजूंनी पाणी, सभापती समोर, असं ते सांगत होते. सभापतींनी पोरगी मागितली. मग म्हणे अप्पांनी स्वतः साखरेचा पुडा पिशवीत परत घातला आणि तोंडावर सांगितलं, आमची पोरगी त्या घरात जाणार न्हाई. पाहुणे वाहवा म्हणाले. एकानं अप्पांच्या पाठीवर थाप मारली.

माझं डोकं तापलं. मी नवरीच्या साडीत होते, तरी पंगतीत शिरायला निघाले. मोठी माय खांबाशी भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं वाकड्या हातानं मला अडवलं. ती पण ऐकत होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खोटं बोलायला बी आता त्यांना माझंच बोलणं लागतंय."

आणि ती पंगतीत जाऊन अप्पांच्या ताटात भात वाढू लागली.